राजपिपळ्याचे राजपुत्र आणि आपली घरे

बडोदेकर वाचकांना राजपिपळा परका नाही. तेथील राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली, आपण समलिंगी आहोत, असे वृत्तपत्रातून उघडपणे सांगितले. गावात त्यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. घराण्याने जाहीररीत्या त्यांच्याशी संबंध तोडले. तत्पूर्वी १९९१ मध्ये त्यांचा विवाह झाला होता व तो लवकरच मोडला होता. ‘लग्न केले की सारे सुरळीत होते’ हा उपाय आमच्याही घरांतून सुचविला जातो. त्यात परक्या मुलीचे आयुष्य होरपळते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

मानवेंद्रसिंह एकटे मात्र पडले नाहीत. समदुःखितांसाठी गुजरातेत २००० साली ‘लक्ष्य ट्रस्ट’ उभा राहिला होता. सोबत्यांचे बळ त्यांच्या पाठीशी होते.

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पोलिसांचे भय सरले, वडिलांचे सरले काय? परप्रांतात आपली वस्ती लहान. वधूवर-सूचीत नाव नसलेला तिशीचा मुलगा चटकन डोळ्यांत भरतो आणि चौकशी थेट आईकडे येते. तिने कोणाशी बोलावे?

अशा आयांसाठी आम्ही पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांचे ‘मनाचिये गुंती’ हे पुस्तक सुचवितो. समलिंगी मुलामुलींच्या पालकांचे व आप्तांचे अनुभव त्यात मराठीतच वाचावयास मिळतात.