इनॅमल झिजवतं कोण?

अंजनवेलहून दातांच्या तारा घट्ट करून घ्यायला दर महिन्याला चिपळूण गाठायचं, तर एक अख्खा दिवस मोडतो. पारदर्शक अलाइनरचे पुढचे काही संच एकदम घरी आणता येतात, म्हणून त्यांच्याकडे ओढा असणं साहजिक आहे. पण दिवसाचे वीस-बावीस तास प्लास्टिक दातांवर घासणार, मग इनॅमल झिजणारच, अशी धास्ती पालकांना वाटते. काळजी रास्त आहे, कारण एकदा गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. संशय मात्र चुकीच्या वस्तूवर घेतला जातो. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, हाडापेक्षाही कठीण. अलाइनर म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचं पॉलियुरेथेन किंवा तत्सम प्लास्टिक. ते दातांवर घट्ट बसतं, फारसं सरकत नाही, आणि घासलं गेलंच तर आधी तेच झिजतं. झोपेत दात खाणाऱ्यांच्या अलाइनरवर ओरखडे आणि भोकं पडलेली दिसतात ती याचमुळे. उपचार चालू असताना दात किंचित हलतात, तेही झिजेचं लक्षण नव्हे. दात सरकताना त्याच्या मुळाभोवतालचे तंतू आणि हाड बदलत असतात.

खरा धोका प्लास्टिकच्या आत काय अडकतं त्यात आहे. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. एरवी लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि कॅल्शियम व फॉस्फेट परत पुरवते. अलाइनर चढवलेला असताना लाळेची ही ये-जा फार कमी होते. अशा वेळी कोकम सरबत प्यायलं, तर रातांब्याचं आम्ल आणि साखर दोन्ही दातांलगत कोंडली जातात. साखरेपासून जंतू आणखी आम्ल बनवतात. पन्हं, शीतपेयं, गोड चहा यांचंही तेच. आधी खडूसारखे पांढरे डाग आणि दुर्लक्ष झालं तर कीड, असा हा क्रम आहे. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या कोकम आणि सोलकढी पितात, तेव्हा कुणाचे दात गेले, असं कुणी विचारेल. पण ते जेवणासोबत, उघड्या दातांनी प्यायलं जातं, आणि मागून लाळ आपलं काम करते. म्हणून सरबत सोडायची गरज नाही. अलाइनर काढून प्यावं, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि मगच तो परत चढवावा. आंबट खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश नको, अर्धा तास थांबावं. मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश फिरवणं घातक. मिश्रीने दात घासणाऱ्यांनी तर अलाइनरला दोष देण्याआधी ती डबी फेकून द्यावी. भाजलेल्या तमाखूची ती पूड दात झिजवते आणि कर्करोगाचं कारणही ठरते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. जागा करण्यासाठी डॉक्टर कधी कधी दोन दातांमधलं इनॅमल मुद्दाम तासतात, एका फटीत साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. हे तासणं तारांच्या उपचारातही होतं, ते अलाइनरचं वैशिष्ट्य नाही. नॉर्वेतले दंततज्ज्ञ झाक्रिसन आणि सहकाऱ्यांनी, खालचे पुढचे दात असे तासलेल्या रुग्णांची दहा वर्षांहून अधिक काळानंतर तपासणी केली. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्या दातांना नवी कीड लागलेली नव्हती. याचा अर्थ कितीही तासलं तरी चालतं असा मुळीच नाही. ते प्रमाणात, नीट गुळगुळीत करून आणि दातांचा आकार पाहूनच व्हायला हवं. कोणत्या दातांमध्ये आणि किती मिलिमीटर तासणार, हे उपचाराच्या आराखड्यात आधीच ठरलेलं असतं. पहिला संच हाती घेण्यापूर्वी ते आकडे डॉक्टरांकडून लिहून मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.