बेने इस्रायलींचे रांधप

बेने इस्रायली हा कोकणातला मराठी बोलणारा यहुदी समाज. गलबत फुटून सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू भाषा आणि ग्रंथ दुरावले, तरी शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम टिकले.

यातल्या शेवटच्या गोष्टीनेच समाजाची ओळख पटली, असे मानतात. डेव्हिड रहाबी या यहुदी पाहुण्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले नसलेली बाजूला काढली. कथेचा काळ वादाचा आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या शेजारच्या चुलीवर शिजत असताना पाळलेला नियम मात्र खरा.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध, नंतरच्या गोडातही तेच. पण नारळ दिसला की ती यहुदी खूण, असे समजणे भाबडेपणाचे आहे. कोळी-आगऱ्यांच्या कालवणातही तो असतोच. या रांधपाची खूण त्यात काय पडते यापेक्षा काय पडत नाही, यात आहे: मटणाला दही लावलेले नसते आणि त्या जेवणानंतर दुधाची खीर वाढत नाहीत.

रोश हशाना म्हणजे यहुदी नववर्ष, समाजाच्या बोलीत ‘नव्याचा सण’. त्याचे पक्वान्न चिकाचा हलवा. गहू भिजत घालून वाटतात, गाळून चीक काढतात. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. हात थांबला की गुठळ्या होतात किंवा तळाला लागते. मिश्रण कडेने सुटू लागले की ताटात ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप पसरतात. हल्ली गव्हाच्या चिकाऐवजी चायना ग्रास वापरतात. काम वाचते, पण चिकाची चव त्याला येत नाही. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास तर वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणूनच ओळखला गेला.

सर्वांत बोलका विधी मलिद्याचा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा आणि सुकामेवा कालवून ताटात रास करतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्तवन गातात. लग्न, नवे घर, फेडायचा नवस, कशालाही मलिदा होतो. अलिबाग तालुक्यात सागावजवळच्या एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथेही तो होतो. जगातल्या इतर यहुद्यांत एलियाहू पूज्य आहेच, पण पोह्यांचे हे ताट कोकणचे.

1948 नंतर समाजातले बहुतेक जण इस्राएलला गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथे मलिदा आजही होतो. इकडे एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची प्रकरणे पाककृतींनी सुरू होतात. घरोघरच्या कृती मात्र अजून अंदाजपंचे, ज्येष्ठ बायकांच्या हातात आहेत. त्या उतरवून घेणाऱ्यांनी जिन्नस आणि मापांबरोबर कोणता जिन्नस का टाळला, तेही लिहून ठेवावे.