निसर्गोपचारास राजाज्ञा हवी

पाणी, माती, ऊन आणि उपास ह्यांनीं कोणाचें काय वाईट होणार, असें आम्हीही पुष्कळ वर्षें समजत होतों. गेल्या वर्षीं आमचा हा समज दूर झाला.

येवल्यास आमच्या आळींत पैठणी विणणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या पत्नीस मधुमेहामुळें रोज इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. बाहेरगांवाहून आलेल्या एका ‘निसर्गोपचारतज्ज्ञां’नीं तें बंद करवून बाईंना सात दिवस फळांच्या रसावर ठेवलें. तिसऱ्या दिवशीं वांत्या सुरू झाल्या, श्वास जोरानें चालूं लागला, शुद्ध हरपूं लागली. तांतडीनें नाशिकास नेलें म्हणून प्राण वांचले. इन्सुलिनवांचून रक्तांत आम्ल सांचलें होतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्या तज्ज्ञांपाशीं शिक्षण काय, तर कांहीं आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचें सर्टिफिकिट!

‘मास्तर, ह्यांचें नांव कोणाच्या वहींतून खोडावयाचें?’ असें त्या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. पोलीस आहेत, ग्राहक न्यायालय आहे. परंतु नांव खोडावयास तें आधीं कोठें तरी नोंदलेलें असावें लागतें.

आमच्या प्रांतांत पाश्चात्य वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी १९१२ च्या कायद्यानें आली, वैद्य-हकिमांची १९३८ च्या. पुढें होमिओपॅथीसाठीं १९५९ चा आणि आयुर्वेद व युनानीसाठीं १९६१ चा कायदा झाला. त्याच १९६१ सालच्या कर्नाटकाच्या (तेव्हांच्या म्हैसूर राज्याच्या) कायद्याच्या नांवांतच मात्र निसर्गोपचार आहे. वस्तुतः ह्या उपचाराचें माहेर महाराष्ट्र! पुण्यास डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचारगृहांत महात्माजी राहिले. उरुळी कांचन येथें १९४६ सालीं त्यांनींच आश्रम स्थापिला. केंद्राच्या ‘आयुष’ ह्या नांवांतही योग व निसर्गोपचार ह्यांना स्थान आहे. परंतु १९२० च्या नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, २०२० च्या भारतीय वैद्यकपद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यांत आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा एवढ्याच पद्धती आल्या.

ह्यांत रोग्याइतकेंच खऱ्या निसर्गोपचारकाचेंही नुकसान आहे. ह्या विषयाची साडेपांच वर्षांची पदवी आहे. तींत शरीरशास्त्र, रोगनिदान व शेवटीं एक वर्षाचें प्रत्यक्ष काम येतें. एवढें शिकलेला आणि आठवड्यांत ‘तज्ज्ञ’ झालेला, दोघांच्या दारावरील पाट्या सारख्याच दिसतात.

कोणी म्हणतील, महात्माजींस हा उपचार घरोघरीं हवा होता. त्यास परवान्याचें कुंपण कशाला? आक्षेप खोटा नाहीं. घरच्या घरीं मातीची पट्टी ठेवावी, कटिस्नान घ्यावें, आहार साधा ठेवावा. त्यास सरकारची परवानगी कोणी मागत नाहीं. परंतु जो फी घेऊन दुसऱ्याच्या देहाचा भार घेतो, चालू औषध बंद करण्याचा सल्ला देतो, त्यानें आपलें शिक्षण दाखवावें, नांव नोंदवावें आणि चुकल्यास जाब द्यावा. एवढेंच मागणें आहे.

हा विचार परकीयही नाहीं. शास्त्र शिकून, कर्म पाहून, राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच वैद्यानें व्यवसायांत शिरावें, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलें आहे. लोभानें माणसें मारणारा कुवैद्य राजाच्या दोषामुळें वावरतो, हेंही तेथेंच आहे. आज राजा आपणच निवडून देतों. तेव्हां दोषाचा वांटाही आपल्याकडे येतो. आपल्या आमदारांपाशीं घरोघरच्या वाचकांनीं ही मागणी करावी.

तोंवर निदान दोन गोष्टी पाळाव्या. उपचारकास पदवी कोणती व किती वर्षांची, हें संकोच न धरतां विचारावें. आणि चालू औषध तें देणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून थांबवूं नये.

त्या बाई आतां बऱ्या आहेत. सकाळीं ओट्यावर कोवळ्या उन्हांत बसतात, जेवणांत पथ्य संभाळतात, आणि इन्सुलिनही वेळेवर घेतात.