श्रीलंकेचा 'वांशिक गट' हा कॉलम वापरण्याआधी

श्रीलंकेवर वाचायला घेतलं की पहिल्याच पानावर आकडे भेटतात. 2012 ची जनगणना: सिंहली सुमारे 75 टक्के, श्रीलंकन तमिळ 11, मूर 9, भारतीय तमिळ 4, शिवाय मलय, बर्गर असे छोटे गट. आकडे एक्सेलमध्ये टाकले की 'वांशिक गट' नावाचा व्हेरिएबल तयार! जरा थांबा.

सिंहली आणि तमिळ ही विभागणी मुख्यतः भाषेची. मूर मात्र धर्मावरून वेगळे, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांची भाषा तमिळच आहे. बर्गर म्हणजे पोर्तुगीज-डच पूर्वजांचे वंशज. आणि 'भारतीय तमिळ' कोण, तर ज्यांचे पूर्वज ब्रिटिश काळात कॉफी-चहाच्या मळ्यांवर मजुरीला आले ते. प्रयोगशाळेत एकाच कॉलममध्ये कुणी वजन, रंग आणि नमुना कुठून आणला हे भरलं, तर गाईड वही फेकून देतील. इथे मात्र तेच शतकभर चाललंय.

यामागे राजकारण आहे. 1888 मध्ये पोन्नंबलम रामनाथन यांनी निबंध लिहून मांडलं की मूर हे वंशाने तमिळच. वरकरणी हा मानववंशशास्त्राचा वाद. पण त्या काळी विधिमंडळात जागा समाजनिहाय मिळत होत्या. मूर तमिळच ठरले तर त्यांना वेगळा प्रतिनिधी कशाला? 1889 मध्ये त्यांना वेगळी जागा मिळाली. पुढे 1907 मध्ये आय. एल. एम. अब्दुल अझीझ यांनी रामनाथन यांचा मुद्दा सविस्तर खोडून काढला.

मळ्यावरच्या तमिळांना हा कॉलम फार महागात पडला. 1911 च्या जनगणनेपासून ते वेगळे मोजले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. 1964 च्या सिरिमावो-शास्त्री करारात माणसांची अक्षरशः वाटणी झाली: 5,25,000 भारताकडे, 3,00,000 सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू!

आता टाइम सिरीज काढा. भारतीय तमिळ 1971 मध्ये 9 टक्क्यांच्या वर, 1981 मध्ये साडेपाच, 2012 मध्ये 4. एवढी माणसं गेली कुठे? बरीच भारतात पाठवली गेली, हे खरं. पण अनेकांनी पुढे स्वतःची नोंद 'श्रीलंकन तमिळ' अशीच केली. म्हणजे माणूस तिथेच, त्याच मळ्यावर. बदलली ती फक्त नोंद. नुसता आलेख बघून स्थलांतराचा निष्कर्ष काढलात तर फसाल.

धर्माचा कॉलम शेजारी ठेवा. बौद्ध सुमारे 70 टक्के, हिंदू 12.6, मुस्लिम 9.7, ख्रिस्ती साडेसात. 'सिंहली म्हणजे बौद्ध, तमिळ म्हणजे हिंदू' हे समीकरण इथेच मोडतं, कारण ख्रिस्ती दोन्हीकडे आहेत. निगोंबोच्या किनाऱ्यावर सिंहली कॅथलिक भरपूर. पण ख्रिस्ती लोकांत सिंहली किती आणि तमिळ किती, हे या बेरजांतून वजाबाकी करून ठरवू नका. त्यासाठी दोन्ही कॉलमचा क्रॉस-टेबलच लागतो.

आणखी एक. यादवीमुळे 2001 ची जनगणना उत्तर आणि पूर्व भागात पूर्ण झालीच नाही. त्यामुळे संपूर्ण बेटाची तुलना करायची तर 1981 वरून थेट 2012 वर उडी मारावी लागते. मधल्या 31 वर्षांत आलेखावर सरळ रेष ओढू नका. युद्धाचा जवळजवळ सगळा काळ त्याच रिकाम्या जागेत आहे.