हँडलची सुती पट्टी

जुन्या रेसिंग सायकलच्या बाकदार हँडलला आजची जाड, फोमची पट्टी गुंडाळली की पैठणीवर स्वेटर घातल्यासारखं दिसतं. तिथे सुतीच हवी. ती पातळ असते, धक्के फारसे शोषत नाही. पण घाम टिपते, हात घसरू देत नाही. फ्रान्सच्या वेलॉक्सची ‘ट्रेसोस्टार’ या बाबतीत प्रसिद्ध. घेताना वीण घट्ट आहे ना, तेवढं बघा. पांढरी पट्टी लगेच मळते, म्हणून काही शौकीन तिच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन-तीन हात देतात. चपडा म्हणजे पळस-कुसुमावर पोसणाऱ्या लाखेच्या किड्याचा स्राव; आपल्या सुतारांचं जुनंच पॉलिश! त्याने रंग मात्र गडद होतो. आधी उरलेल्या तुकड्यावर लावून पाहा.