शिंगांचे मोजमाप

हरणाच्या शिंगांना गुण देतात हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. गुण परीक्षेतल्या मुलाला द्यावेत, शिंगांना कसले? परंतु अमेरिकेत व कॅनडात हा व्यवहार अष्टमांश इंचाच्या काटेकोरपणाने चालतो, आणि त्याच्या मुळाशी केवळ शिकाऱ्याची हौस नाही. म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम शब्दाचा घोळ सोडवू. काळवीटाच्या डोक्यावर असते तेही आपण शिंग म्हणतो व सांबराच्या डोक्यावर असते तेही शिंगच. पण काळवीटाचे शिंग पोकळ, नखाच्या जातीचे व जन्मभर टिकणारे. सांबर-चितळाचे शिंग भरीव हाडाचे; ते गळते व पुन्हा नवे येते. वाढताना त्यावर मखमली कातडे असते. वाढ पुरी झाली की ते सुकते व नर ते झाडावर घासून काढतो. अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरिण याच दुसऱ्या जातीचे. त्याची शिंगे दर साली नवी. तेव्हा असे शिंग म्हणजे त्या नराच्या एका वर्षाचा जमाखर्चच होय. वय, चारा आणि आनुवंश, तिन्हींची नोंद त्यात असते.

थिओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला, तेव्हा बेसुमार शिकारीने तिकडची मोठी जनावरे झपाट्याने कमी होत होती. ती नाहीशी होण्यापूर्वी निदान त्यांची नोंद राहावी, हा मोजणीमागचा एक हेतू होता. क्लबचे पहिले नोंदपुस्तक १९३२ साली निघाले, आणि आजची गुणपद्धती १९५० साली ठरली.

ही पद्धती अशी. शिंगे निदान साठ दिवस वाळू द्यायची, कारण ओली शिंगे सुकताना आकसतात. मग पोलादी फितीने चार गोष्टी मोजायच्या: दोन मुख्य दांड्यांमधले आतले अंतर, प्रत्येक दांड्याची लांबी, त्यावरच्या फाट्यांची लांबी, आणि प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर. फाटा म्हणवून घ्यायला तो निदान एक इंच लांब असला पाहिजे. आतले अंतर कितीही असो, लांब दांड्याच्या लांबीहून अधिक गुण त्याला मिळत नाहीत. एक इंच म्हणजे एक गुण.

उदाहरण घेऊ. आतले अंतर १९ इंच. दांडे २५ व २४. दोन्हीकडच्या फाट्यांची बेरीज २९ व २९. घेर साडेसोळा व साडेसोळा. एकूण १५९. आता उजवा-डावा भेद वजा करायचा. दांड्यांत एक इंचाचा फरक आहे. फाट्यांची बेरीज सारखी असली, तरी जोडीजोडीने पाहता दोन फाट्यांत एकेक इंचाचा फरक निघतो. तीन गुण गेले, उरले १५६. कायमच्या नोंदपुस्तकात जायला १७० लागतात. म्हणजे इतके देखणे शिंगही बाहेरच राहिले!

यावर आक्षेप असा की, निसर्गाने जे वाढवले ते माणसाने का कापावे? आक्षेप खोटा नाही. वेडेवाकडे जादा फाटे असलेल्या शिंगांसाठी म्हणूनच निराळा वर्ग केला आहे; तिथे हे फाटे वजा न होता मिळवले जातात. युरोपात तर वजन, रंग व सौंदर्य यांनाही गुण असतात. आपल्याकडे शिकार चालू होती त्या काळी साहेब व संस्थानिक यांची भिस्त लंडनच्या रोलंड वॉर्डच्या नोंदपुस्तकावर होती. ते १८९२ पासून निघू लागले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी तो अध्याय येथे मिटवला, आणि ते योग्यच झाले.

मोजमापाचा धोका मात्र ओळखला पाहिजे. नोंदीसाठी काढलेला आकडा पुढे हावेचा विषय होतो. तिकडे कुंपणात हरणे पाळून, खुराक देऊन, मोठी शिंगे पिकवणारे निघाले. क्लब अशी शिंगे स्वीकारीत नाही. जनावर मोकळे असले पाहिजे व त्याला निसटण्याची संधी असली पाहिजे, हा त्याचा दंडक आहे.

आणि गंमत पाहा. वेड्यावाकड्या शिंगांच्या वर्गात क्लबने ज्याला सर्वांत वरचे स्थान दिले, ते हरिण कोणी मारलेलेच नव्हते! १९८१ साली मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळ ते मेलेले सापडले. त्याचे गुण भरले ३३३ आणि सात अष्टमांश. आम्हांला या नोंदीत सगळ्या पद्धतीचे सार दिसते. आकडा शिकाऱ्याच्या पराक्रमाचा नसून हरणाच्या आयुष्याचा आहे. हे ध्यानात असेल तोवर ती फीत शास्त्राच्या हातात आहे; विसरले की ती बढाईच्या हातात गेलीच म्हणून समजावे.