शाहिरांचे आवाज जपून ठेवा

आपल्या शाहिरांचे गाणे रंगते ते वस्तीत, लोकांसमोर. म्हणून प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाचे मोल मोठे आहे.

शाहीर शीतल साठे आणि कवी सचिन माळी या दांपत्याचेच पहा. पुण्यात २००२ साली स्थापन झालेल्या कबीर कला मंचाचे हे पूर्वीचे कलावंत. आनंद पटवर्धन यांनी 'जयभीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात मंचाचे कार्यक्रम श्रोत्यांसह टिपले. वाद्यवृंदाचा थाट नाही. डफाचा ठेका आणि शीतलताईंचा खडा आवाज!

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. पटवर्धनांच्याच 'हमारा शहर' (१९८५) मध्ये त्यांचे गाणे आधीच टिपलेले होते, म्हणून तो आवाज आज ऐकता येतो.

पुढे शीतलताई व सचिन यांच्यावर नक्षलवादी संबंधांचा आरोप झाला. २ एप्रिल २०१३ रोजी ती दोघे विधानभवनाबाहेर स्वतःहून हजर झाली. शीतलताईंना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन यांना २०१७ साली. माणसे तुरुंगात होती, गाणी मात्र माहितीपटात शाबूत राहिली.

आमच्या केशोरीसारख्या गावांतही भीमजयंतीला गाणारे आहेत. त्यांचे आवाज कोण जपणार? बंधु-भगिनींनो, पेटीतल्या जुन्या कॅसेटी काढा, मोबाईलवर उतरवून घ्या. कवीचे व गायकाचे नाव, गाव, साल वहीत लिहा आणि मुलांना ऐकवा.